ऑनलाइन नकाशा आणि पाड्याची वाट

तालुक्याचा नकाशा भिंतीवर टांगून त्यावर छडी फिरविण्याची पद्धत शिक्षकांच्या परिचयाची आहे. आता तोच नकाशा, किंबहुना साऱ्या जगाचा नकाशा, शिक्षकाच्या हातातील मोबाईलवर उघडतो. ही सोय मोठीच आहे. परंतु नकाशा कोणी, कशावरून व केव्हा तयार केला, हा भूगोलातील जुना प्रश्न या नव्या नकाशालाही विचारावयास हवा. शहापूर-मुरबाडसारख्या डोंगर, ओढे व जलाशय यांनी व्यापलेल्या भागात तर तो अगत्याचा आहे.

भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ साली झाली. १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटन याने मद्रासजवळ पायारेषा मोजून त्रिकोणमितीय मोजणीस आरंभ केला. या परंपरेतील नकाशे अत्यंत काटेकोर असत; मात्र सामान्य माणसाच्या हाती ते सहसा पडत नसत. १९९६ मध्ये मॅपक्वेस्ट या सेवेने संगणकजालावर रस्त्यांचे नकाशे खुले केले. २००४ साली इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी ओपनस्ट्रीटमॅप सुरू केला. त्यात कोणासही भर घालता येते. फेब्रुवारी २००५ मध्ये गूगल मॅप्स आले, आणि ऑगस्ट २००९ मध्ये भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने ‘भुवन’ सुरू केले. २०२१ च्या फेब्रुवारीत केंद्र शासनाने नकाशे व मोजणी यांवरील बरेच निर्बंध सैल केले.

मोबाईलवर हा नकाशा इतक्या त्वरेने कसा उमटतो? सारे जग एका चौकोनात काढले आहे अशी कल्पना करावी. त्या चौकोनाचे चार भाग, प्रत्येकाचे पुन्हा चार, अशी विभागणी होत जाते. बोटांनी नकाशा मोठा केला की पुढच्या पायरीचे, आणि तेही पडद्यापुरतेच, चौकोन मागविले जातात. १, ४, १६, ६४ अशी ही संख्या दहा वेळा चौपट केल्यावर १०,४८,५७६ होते. चौथी-पाचवीच्या मुलांना हा गुणाकार फळ्यावर करू द्यावा. भूगोलाच्या तासाला गणित आले म्हणून बिघडत नाही.

स्थान ठरते ते अक्षांश-रेखांशांनी. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. शहापूर सुमारे १९.४५ व मुरबाड सुमारे १९.२५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. म्हणजे दोहोंतील दक्षिणोत्तर अंतर सुमारे २२ किलोमीटर आले. रस्त्याने जाताना मात्र याहून अधिक मजल पडते, आणि येथेच या पाठाचे खरे मर्म आहे.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याखालील नियमांनुसार पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटरच्या आत व सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटरच्या आत शाळा असावी, असे अपेक्षित आहे. आता भातसा किंवा तानसा जलाशयाच्या एका काठावर पाडा व समोरच्या काठावर शाळा आहे असे समजा. पडद्यावर सरळ रेषेत मोजले तर अंतर पाऊण किलोमीटर भरेल. मुलाला मात्र पाण्याला वळसा घालून चार-पाच किलोमीटर चालावे लागेल. नकाशाने येथे खोटे सांगितलेले नाही. त्याला विचारलेला प्रश्नच चुकीचा होता. खाजगी शाळांतील २५ टक्के राखीव प्रवेशाच्या ऑनलाइन अर्जातही पालकास घराची खूण नकाशावर करावी लागते. ती खूण थोडी सरकली तरी अंतर बदलते. अर्ज भरू न शकणारा पालक बहुधा गुरुजींकडे किंवा बाईंकडेच येतो, तेव्हा ही गोष्ट त्यांना ठाऊक असलेली बरी.

वाट दाखविण्याची गणनाही नोंदलेल्या रस्त्यांपुरतीच चालते. माळशेज घाटाचा महामार्ग तिला ठाऊक असतो. ठाकरवाडीतून ओढा ओलांडून शाळेकडे येणारी पायवाट कोणी नोंदलेलीच नसेल, तर गणनेच्या लेखी ती नाही. शिवाय उपग्रहचित्र ज्या ऋतूत टिपले त्याच ऋतूचे असते. उन्हाळ्यात टिपलेल्या चित्रात कोरडा दिसणारा ओढा श्रावणात गुडघाभर वाहत असतो, हे मुलांना सांगावे लागत नाही.

नावांचा घोटाळा निराळाच. डोळखांब रोमन लिपीत गेले की ‘ळ’ हरवतो आणि परत येताना ते ‘डोलखांब’ होऊन येते. नुसते ‘शहापूर’ शोधले तर कर्नाटकातील शहापूरही समोर येऊ शकते. २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला, तेव्हा देशोदेशींच्या स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रे पाहून थोड्याच दिवसांत पोर्ट-ओ-प्रिन्सचे रस्ते रेखाटून दिले. रस्ता आकाशातून दिसतो. नाव मात्र तेथील माणसालाच विचारावे लागते.

यास्तव पुढील उपक्रम करून पाहण्याजोगा आहे. प्रथम मोबाईल न दाखविता मुलांकडून गावठाण, पाडे, विहीर, ओढा, देऊळ व शाळेच्या वाटा कागदावर काढून घ्याव्यात. नंतर एकाच मोबाईलवर ऑनलाइन नकाशा उघडून दोन्ही ताडून पाहावेत. संपर्क क्षीण असेल तेथे तो भाग आधीच उतरवून ठेवावा. जे पडद्यावर नाही पण कागदावर आहे, त्याची यादी करावी. ही यादी लांबते असा अनुभव येईल. पाड्यांची नावे वडीलधाऱ्यांस विचारून देवनागरीत लिहावीत. खात्री झालेली सार्वजनिक ठिकाणे शिक्षकाने ओपनस्ट्रीटमॅपवर मराठी नावासह नोंदविण्यास हरकत नाही. मुलांची घरे व नावे मात्र तेथे कदापि घालू नयेत.

वाटांचे अंतर मुलांनी पावलांनी मोजावे. शंभर पावलांचे किती मीटर होतात ते अगोदर दोरीने ठरवून घ्यावे. हा कागद उन्हाळ्याच्या सुटीपूर्वी एकदा करावा व पावसाळ्यात पुन्हा एकदा. बंद होणाऱ्या वाटा दुसऱ्या प्रतीवर लाल शाईने दाखवून, तारीख घालून, दोन्ही प्रती शाळेच्या दप्तरी ठेवाव्यात. शाळेच्या अंतराविषयी विचारणा आली तर लाल शाईची प्रत सोबत जोडता येईल.