पहाटे उठण्याचा सराव : आधी झोप, मग गजर

शाळेत पाठ केलेल्या म्हणीत लवकर उठण्याच्या आधी लवकर निजण्याचा उल्लेख येतो. आपण मात्र दुसरा भाग तेवढा उचलतो. रात्री साडेअकरापर्यंत टीव्ही किंवा मोबाईल आणि पहाटे साडेचारचा गजर! चार दिवसांत डोके जड होते, चिडचिड वाढते व प्रयोग सुटतो.

गाडगेबाबांचे बालपण आपल्याच मूर्तिजापूर तालुक्यात मामाकडे गुरे राखण्यात व शेतीकामात गेले. त्या काळच्या खेड्यात दिवेलागणीनंतर लवकरच निजानीज होई. त्यामुळे पहाटेची जाग झोप मोडून येत नसे, झोप पुरी होऊन येत असे. वाग्भटांच्या 'अष्टांगहृदया'तही ब्राह्ममुहूर्ती उठण्याचा उपदेश निरोगी माणसासाठी आहे, हे ध्यानात घ्यावे.

यामागचे शास्त्र असे. मेंदूत एक जैविक घड्याळ असते. त्याची यंत्रणा पेशींच्या पातळीवर उलगडणाऱ्या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हे घड्याळ मुख्यतः उजेडावर चालते. सकाळचा उजेड ते पुढे सरकवतो, म्हणजे रात्री झोप लवकर येते. रात्रीचा प्रखर उजेड ते मागे ढकलतो.

आपल्याकडे जूनमध्ये पावणेसहाच्या सुमारास सूर्य उगवतो, तर जानेवारीच्या मध्यास सातच्या सुमारास. म्हणून हा सराव ऐन थंडीत सुरू करण्यापेक्षा फाल्गुन-चैत्रात करणे सोपे जाते. उन्ह तापण्याआधी फिरणेही होते.

सातला उठणाऱ्यास साडेपाचला उठायचे असल्यास पुढीलप्रमाणे करावे :

१) दर तीन दिवसांनी गजर १५ मिनिटे अलीकडे घ्यावा. अठरा दिवसांत साडेपाच गाठता येतात.

२) निजण्याची वेळही तेवढीच अलीकडे आणावी. प्रौढांना किमान सात तास झोप हवी. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास, तर १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास लागते. परीक्षेच्या दिवसांत पालकांनी हे विसरू नये.

३) उजाडताच अंगणात किंवा गच्चीवर अर्धा तास वावरावे.

४) दुपारी चारनंतर चहा टाळावा. रात्रीचे जेवण निजण्याच्या दोन-तीन तास आधी उरकावे.

५) दुपारची डुलकी अर्ध्या तासापेक्षा जास्त नको. सुटीच्या दिवशीही उठण्याची वेळ तीच ठेवावी.

काहींनी मात्र सांभाळून राहावे. रक्तदाब व हृदयविकार असणाऱ्यांनी कडाक्याच्या थंडीत अंधारात फिरायला निघू नये. ऊन आल्यावर, कान-छाती झाकून जावे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी लांब फिरण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. रात्रपाळीचे कामगार आणि रात्रीच्या विजेवर ओलित करणारे शेतकरी यांनी पहाटे उठण्याचा हट्ट धरू नये. त्यांनी सकाळी खोलीत अंधार करून झोप भरून काढावी. झोपमोड झालेल्या माणसाने मोटारसायकल चालविणे जिवावर बेतू शकते.

पुरेसे झोपूनही दिवसा पेंग येत असेल, मोठ्याने घोरताना श्वास अडत असेल किंवा रात्री वारंवार लघवीला उठावे लागत असेल, तर तो आळस समजू नये. डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी.

तीन आठवड्यांनी गजराआधीच जाग येऊ लागली आणि दिवसभर तरतरी राहिली, तर सराव साधला असे समजावे. नाही तर गजर मागे घ्यावा. त्यात कमीपणा नाही.