भूकंपाची आकाशातील पाऊलखूण

भूकंप ही जमिनीच्या पोटात घडणारी घटना आहे, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु मोठ्या भूकंपाचा हादरा जमिनीपाशी थांबत नाही. तो हवेत शिरतो आणि अवघ्या काही मिनिटांत दोनशे-तीनशे किलोमीटर उंचीवर पोचतो. तेथे उमटलेली त्याची खूण उपग्रहांच्या रेडिओ संदेशांवरून ओळखता येते. हे शास्त्र काय सांगू शकते आणि काय सांगू शकत नाही, याची जाण गावपातळीवरील कार्यकर्त्यांना असणे अगत्याचे आहे. कारण त्याचाच हवाला देऊन भूकंपाची भाकिते पसरविली जातात आणि लोक घाबरून जातात.

आयनांबराची ओळख

सूर्याच्या अतिनील व क्ष-किरणांमुळे भूपृष्ठापासून सुमारे ६० किलोमीटरच्या वर हवेच्या कणांतील इलेक्ट्रॉन सुटे होतात. या विद्युतभारित प्रदेशास आयनांबर म्हणतात. दूरच्या आकाशवाणी केंद्राचा मध्यम लहरींवरील कार्यक्रम दिवसा ऐकू येत नाही, पण रात्री स्पष्ट ऐकू येतो, हा आयनांबराचाच परिणाम होय. दिवसा त्याचा खालचा थर लहरी शोषून घेतो. सूर्यास्तानंतर तो थर विरतो आणि वरच्या थरावरून परतलेल्या लहरी दूरवर पोचतात.

मापनाची रीत

स्थाननिश्चितीचे जीपीएस उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून निरनिराळ्या कंप्रतांचे संदेश पाठवितात. आयनांबरातून येताना या संदेशांना विलंब होतो. कमी कंप्रतेच्या संदेशास तो अधिक होतो. दोन संदेशांच्या विलंबातील फरकावरून वाटेत किती इलेक्ट्रॉन होते, याचे गणित मांडता येते. भूमि अभिलेख खात्याचे रोव्हर यंत्र अशाच उपग्रहांच्या संदेशांवर जमीन मोजते. रोव्हरच्या दृष्टीने हा विलंब म्हणजे दूर करावयाची चूक होय, तर आयनांबराच्या अभ्यासकाला त्याच विलंबातून माहिती मिळते.

हे मापन आपल्याकडेही होते. विमानांना अचूक स्थान कळावे, यासाठी भारतीय अंतराळ संशोधन संस्था आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी 'गगन' ही प्रणाली उभारली. तिच्या संदर्भ केंद्रांपैकी एक नागपूर येथे आहे. नवी मुंबईतील भारतीय भूचुंबकत्व संस्था आयनांबराच्या संशोधनात अग्रेसर आहे.

हादरा वर कसा जातो?

भूकंपाने जमीन वरखाली होते, तेव्हा ती ढोलाच्या कातड्याप्रमाणे वरच्या हवेला ढकलते. या धक्क्याची लहर वर जाऊ लागते. उंचीबरोबर हवा विरळ होत जाते, म्हणून जमिनीवरील अल्पशी हालचाल वर पोचेपर्यंत हजारो पटींनी वाढते. सुमारे आठ ते दहा मिनिटांनी ती आयनांबरातील इलेक्ट्रॉनांना हलविते. १९६४ च्या अलास्का भूकंपानंतर असे तरंग रेडिओ उपकरणांनी प्रथम ठळकपणे टिपले. १९९४ च्या कॅलिफोर्नियातील नॉर्थरिज भूकंपानंतर ते जीपीएसद्वारे दिसले. २५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळमध्ये ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. त्यानंतरच्या आयनांबरातील तरंगांवरून भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या शास्त्रज्ञांनी भूपृष्ठालगत धावणाऱ्या भूकंपलहरींच्या वेगाचा अभ्यास केला.

पूर्वसूचना मिळते काय?

वरील सर्व नोंदी भूकंपानंतरच्या आहेत. भूकंपापूर्वीही आयनांबरात बदल होतात, असा दावा काही संशोधकांनी केला आहे. ११ मार्च २०११ च्या जपानमधील भूकंपापूर्वी सुमारे ४० मिनिटे इलेक्ट्रॉन वाढले, असे एका अभ्यासात मांडण्यात आले. परंतु त्यातील गणनेच्या पद्धतीवर इतर शास्त्रज्ञांनी आक्षेप घेतले. हा वाद मिटलेला नाही.

अडचण अशी की, आयनांबर कधीच स्थिर नसते. दिवस-रात्र, ऋतू आणि सौर वादळे यांनुसार त्यात मोठे चढउतार होतात. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते. त्यावर दिवसा उचलले गेलेले इलेक्ट्रॉन उत्तर-दक्षिणेस उतरतात. त्यामुळे मध्य भारतावरील आयनांबर विशेष चंचल असते. या गोंगाटात एखादा बदल भूकंपाचाच, हे आधी ओळखणे दुर्घट आहे.

गोंदियासाठी बोध

दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची आहे. आयनांबरातील खूण सामान्यतः साडेसहाहून अधिक तीव्रतेच्या भूकंपांचीच स्पष्ट दिसते. गोंदियाच्या उत्तरेस सुमारे १९० किलोमीटरवर असलेल्या जबलपूर येथे २२ मे १९९७ रोजी झालेला भूकंप ५.८ तीव्रतेचा होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाची तीव्रता ६.२ होती. पहिल्याने सुमारे ४० बळी घेतले, तर दुसऱ्याने हजारो कुटुंबे उद्ध्वस्त केली. म्हणजेच मध्य भारतात घात करणारे भूकंप बहुधा असे असतात की, त्यांची खूण आकाशात घडून गेल्यानंतरही क्वचितच सापडावी.

किल्लारीचा परिसर त्यावेळच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. तेथे जीवितहानी वाढविली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी आणि वरच्या जड धाब्यांनी. गोंदिया जिल्ह्यातील मातीच्या भिंती आणि कवेलूंची छपरे यांचा विचार याच दृष्टीने करावयास हवा. घरकुल, शाळाखोली वा अंगणवाडी बांधताना जोत्याच्या, दारे-खिडक्यांच्या माथ्याच्या आणि छताच्या पातळीवर सलग काँक्रीटचा पट्टा घालणे, कोपरे सांधणे आणि दगडी भिंतीत आरपार दगड बसविणे, या गोष्टी ग्रामपंचायतीच्या आवाक्यातील आहेत. त्यासाठी कोणत्याही पूर्वसूचनेची वाट पाहावी लागत नाही.

शाळांतून भूकंपाच्या वेळी वागण्याची रंगीत तालीम व्हावी. 'अमुक दिवशी भूकंप होणार' असा संदेश आला, तर तो पुढे न पाठविता तहसील कार्यालयाशी संपर्क साधावा. दिवस, स्थळ आणि तीव्रता आधी सांगणारी खात्रीची पद्धत जगात कोणत्याही संस्थेकडे नाही, हे शिक्षकांनी विद्यार्थ्यांना स्पष्टपणे सांगावे. उपग्रहांच्या संदेशांतून भूकंपाविषयीचे ज्ञान वाढत आहे आणि वाढत राहील. घराची भिंत मात्र आजच्या ज्ञानावरच भक्कम करता येते.