ठणका थांबला म्हणजे कान बरा झाला असे नव्हे

मानवी कानाचे बाह्यकर्ण, मध्यकर्ण आणि अंतर्कर्ण असे तीन भाग शरीरशास्त्रात मानले जातात, आणि या तिघांची घडण, काम व दुखणी इतकी निराळी आहेत की एका भागाला चालणारा उपाय दुसऱ्या भागाला अपायकारक ठरू शकतो. शहापूर व मुरबाड तालुक्यांच्या सह्याद्रीलगतच्या पट्ट्यात, म्हणजे डोळखांबपासून आजा पर्वताच्या पायथ्यापर्यंतच्या गावपाड्यांत, कानाच्या कोणत्याही तक्रारीवर पहिला उपाय मात्र बहुधा एकच असतो, आणि तो म्हणजे लसणाची पाकळी तळून कोमट केलेले तेल. पुढील विवेचन या भागातील कुटुंबांना आलेल्या अनुभवांवर आधारलेले आहे. त्यातील बराचसा त्रास कानात काय घातले यापेक्षा ते कानाच्या कोणत्या भागात जाऊन पोहोचले हे ठाऊक नसल्यामुळे झालेला आहे.

बाह्यकर्णात कूर्चेची बाहेरून दिसणारी पाळी आणि तिथून पडद्यापर्यंत जाणारी सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीची नलिका यांचा समावेश होतो. नलिकेच्या बाहेरील भागातील ग्रंथी मळ तयार करतात. हा मळ किंचित आम्लधर्मी व तेलकट असल्यामुळे पाणी, धूळ आणि जंतू यांना अडवतो, आणि नलिकेची कातडी आतून बाहेर सतत सरकत असल्यामुळे तो बहुतेकांच्या कानातून आपोआप बाहेर येतो. कानकोरणे, केसांचा आकडा, काडेपेटीची काडी किंवा औषधाच्या दुकानातली कापसाची काडी यांनी मळ निघतो तो थोडा. उरलेला पडद्याच्या दिशेने ठासला जातो. भातलावणीच्या दिवसांत डोके आठवडेच्या आठवडे ओले राहते, आणि अशा ओल्या नलिकेत तेल घातले की काही दिवसांत कानाला विलक्षण खाज सुटते. तपासल्यावर आत ओल्या कागदाच्या लगद्यासारखा पांढुरका थर आणि त्यावर काळे ठिपके दिसतात. ती बुरशी असते. तेल तिला मारत नाही, उलट पोसते.

नलिकेच्या टोकाशी असलेला पडदा, म्हणजे कर्णपटल, जेमतेम एक सेंटिमीटर व्यासाचा आणि मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाइतका पातळ असतो. त्याच्या पलीकडची हवेने भरलेली लहानशी पोकळी म्हणजे मध्यकर्ण. या पोकळीत हातोडा, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडे एकमेकांना जोडलेली असतात, आणि त्यांपैकी सुमारे तीन मिलिमीटरची रिकीब हे मानवी शरीरातील सर्वांत लहान हाड होय. या जुळणीची गरज का पडते हे समजून घेण्यासारखे आहे. अंतर्कर्ण द्रवाने भरलेला असतो, आणि हवेतला ध्वनी थेट द्रवावर आदळला तर त्यातील जवळजवळ सगळी ऊर्जा परत फिरते. काठावरच्या माणसाची हाक पाण्यात बुडी मारलेल्याला ऐकू येत नाही ती याच कारणाने. पडद्याचे कंप पावणारे क्षेत्रफळ रिकिबीच्या तळाच्या सुमारे 17 पट असते, हाडांच्या तरफेमुळे आणखी थोडा जोर मिळतो, आणि अशा रीतीने दाब 20 पटींहून अधिक वाढून द्रवापर्यंत पोहोचतो. पडद्याला भोक पडले की ही वाढच कमी होते. म्हणून असा माणूस ठार बहिरा होत नाही, पण त्याला सारे जग हळू बोलते आहे असे वाटू लागते.

मध्यकर्णातील हवेचा दाब बाहेरच्या दाबाइतका राखण्याचे काम घशाच्या मागच्या भागाकडे उघडणारी ईस्टेशियन नलिका करते. सोळाव्या शतकातील इटालियन शरीरशास्त्रज्ञ बार्तोलोमेओ ईस्टेशियस याच्यावरून तिला हे नाव मिळाले. आसनगावहून नाशिककडे जाणारी गाडी कसारा घाटात सुमारे 300 मीटर चढते तेव्हा कानाला दडा बसतो आणि आवंढा गिळताच तो सुटतो, तो ही नलिका क्षणभर उघडल्यामुळे. दाब सारखा करणारी हीच वाट नाकाघशातील जंतूंनाही मध्यकर्णात नेते. लहान मुलांमध्ये ती आखूड आणि जवळजवळ आडवी असल्यामुळे सर्दीपाठोपाठ कान दुखण्याचे प्रमाण त्यांच्यात अधिक असते. तान्ह्या बाळाला सपाट निजवून बाटलीने दूध पाजू नये, डोके उंच धरून पाजावे, असे डॉक्टर सांगतात त्यामागेही हेच कारण आहे.

डोळखांब परिसरातील एका शेतकरी कुटुंबात घडलेला प्रकार या दृष्टीने नमुनेदार म्हणावा लागेल. सर्दीने बेजार असलेल्या सहा-सात वर्षांच्या मुलीचा कान आषाढातल्या एका रात्री ठणकू लागला, आजीने तेल कोमट करून घातले, आणि पहाटेच्या सुमारास उशीवर पिवळसर डाग पडून ठणका एकाएकी थांबला. घरातल्यांनी साहजिकच तेलाला गुण आला असे मानले. वास्तविक मध्यकर्णात साचलेल्या पुवाने पडदा फोडून वाट काढली होती, आतला ताण उतरला होता, आणि वेदना त्या ताणाची असल्यामुळे तीही नाहीशी झाली होती. कान फुटला तो इथे. अशा वेळी कान कोरडा ठेवला आणि योग्य औषध मिळाले तर पडद्याचे लहान भोक काही आठवड्यांत बहुधा आपोआप भरून येते. पण दुखत नाही म्हणून कोणी दवाखान्याची पायरी चढले नाही, आणि मुलगी त्याच पावसाळ्यात ओढ्याच्या डोहात डुंबत राहिली. पुढची काही वर्षे प्रत्येक पावसाळ्यात तो कान वाहत असे. कधी पाल्याचा रस, कधी दुकानातून विचारून आणलेले थेंब असे उपाय होत राहिले, आणि शाळेत तिच्या नावापुढे ‘लक्ष देत नाही’ असा शेरा पडला. मागच्या बाकावरच्या मुलीला फळ्याकडे तोंड करून बोलणाऱ्या शिक्षकांचे बोलणे मुळात पोहोचतच नव्हते, हे फार उशिरा ध्यानात आले. तिचा पडदा पुढे शस्त्रक्रियेने बसवला गेला. कानाच्या वरच्या स्नायूवरील पातळ आवरणाचा तुकडा घेऊन तो भोकावर लावतात, आणि पुष्कळदा ऐकू येणेही सुधारते. शाळेची गेलेली वर्षे मात्र शस्त्रक्रियेने भरून येत नाहीत.

दोन आठवड्यांहून अधिक काळ वाहणारा कान हा जुनाट आजार समजावा, मग तो दुखो अथवा न दुखो. त्यात तेल, रस किंवा दूध घालू नये. स्वच्छ सुती कापडाची वात हलकेच कानात धरून पू टिपावा, नवी वात घेऊन ती कोरडी निघेपर्यंत हे करावे, आणि त्यानंतरच डॉक्टरांनी लिहून दिलेले थेंब घालावेत, कारण पुवाने भरलेल्या कानात औषध पोहोचतच नाही. थेंबांची जुनी बाटली दुसऱ्याच्या कानासाठी वापरू नये. काही थेंबांतील औषधे पडद्याच्या भोकातून आत गेल्यास अंतर्कर्णाला इजा करू शकतात. आंघोळीच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा कानाच्या तोंडाशी ठेवावा, आणि काळू व शाई नद्यांच्या डोहांतले पोहणे तेवढ्यापुरते सोडावे. स्रावाला घाण वास येत असेल तर आतले हाड झिजत असल्याची शक्यता असते. कानामागे सूज येणे, चेहऱ्याची एक बाजू वाकडी होणे, तीव्र डोकेदुखी, उलट्या किंवा भोवळ यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. चेहऱ्याची नस मध्यकर्णातूनच जाते आणि मेंदू हाडाच्या एका पातळ भिंतीपलीकडे असतो, ही गोष्ट कानाकडे किरकोळ दुखणे म्हणून पाहणाऱ्यांना सहसा माहीत नसते.

अंतर्कर्णाचे नुकसान याहून वाईट, कारण तिथे दुरुस्ती नाही. अडीचहून थोडे अधिक वेढे असलेल्या कर्णावर्त नावाच्या अवयवात सुमारे 15,000 केसपेशी असतात. द्रवातील लहरींनी त्यांचे सूक्ष्म केस वाकले की विद्युत संदेश तयार होऊन श्रवणतंत्रिकेमार्फत मेंदूकडे जातात. माणसाच्या या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. 85 डेसिबल आवाज दिवसाला आठ तास सोसावा, आणि दर 3 डेसिबल वाढीमागे ही मुदत निम्मी करावी, असा संकेत आहे. त्या हिशेबाने 100 डेसिबलला पंधरा मिनिटेच उरतात, आणि हळदीच्या रात्री डीजेच्या भिंतीसमोर तासन्तास नाचणाऱ्यांना हा हिशेब कोणी सांगत नाही. दुसऱ्या दिवशी कानात येणारी शिट्टी ही दमल्याची खूण नसून इजेची खूण असते. ध्वनिप्रदूषण नियम 2000 सालापासून लागू आहेत. त्यांचे पालन कसे होते हे लग्नसराईत फिरणाऱ्यास सांगण्याची गरज नाही.

अंतर्कर्णातील तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि त्यांच्या तळाशी असलेल्या दोन पिशव्या शरीराचा तोल सांभाळतात. कुशीवर वळताच घर फिरल्यासारखे वाटणे हे पुष्कळदा या पिशव्यांतील चुन्याचे सूक्ष्म कण नलिकेत सरकल्यामुळे होते, आणि डोके विशिष्ट क्रमाने वळवून डॉक्टर ते कण जागेवर आणू शकतात. अशक्तपणा समजून सलाईन लावून घेण्याचा यात काही उपयोग नसतो.

मुलांनी कानात घातलेल्या वस्तूंबाबत एक सावधगिरी या भागात विशेष आवश्यक आहे. भाताचा दाणा, वाल किंवा हरभरा कानात गेला असता पाणी घालू नये, कारण दाणा फुगून नलिकेत घट्ट बसतो. चिमट्याने ओढण्याचा खटाटोपही करू नये. जिवंत किडा शिरल्यास मात्र, कान पूर्वी कधीही फुटलेला नसेल तर, कोमट तेलाचे काही थेंब घालून तो मारावा आणि मेलेला किडा डॉक्टरांकडून काढून घ्यावा. तेलाचा खरा उपयोग एवढाच.

अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळेत एकदा मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 6 फेब्रुवारी 2013 रोजी तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील पालघर येथूनच देशभर सुरू झाला, आणि कान वाहणे व ऐकू कमी येणे या दोन्ही गोष्टी त्याच्या यादीत आहेत. पथक येईल त्या दिवशी मूल शेतावर किंवा मामाच्या गावी नसेल एवढे पालकांनी पाहावे, आणि हाक मारल्यावर एकच कान पुढे करणाऱ्या मुलाचे नाव शिक्षकांनी पथकाला आधीच सांगून ठेवावे.