खापर ताटावर नको

केळं नको, दही नको, ताक नको, काकडी थंड, पेरूनं खोकला होतो आणि आंबटाकडं तर बघायचंही नाही. पोराला बाळदमा आहे म्हटलं की आजीपासून शेजारणीपर्यंत जो तो ताटातला एकेक पदार्थ काढत जातो. शेवटी उरतो वरणभात आणि बिस्किटाचा पुडा. त्या पुड्याला मात्र कुणीच काही म्हणत नाही!

आई-बाबांनो, दूध-केळ्यानं दमा वाढतो याला शास्त्राचा आधार नाही. दुधानं घशात जरा चिकट वाटतं, पण छातीतला कफ त्यानं वाढत नाही. बहुतेक मुलांचा दमा उसळतो तो सर्दीनं, धुळीनं, धुरानं आणि घरातल्या ओलीनं. आपल्या कासार आंबोलीत यातलं काय कमी आहे? पौड रस्त्यावरचे डंपर, आजूबाजूचे कारखाने, आणि पावसाळ्यात न वाळणाऱ्या गोधड्या, भिंतीवर चढलेली बुरशी. उन्हाळ्यात राब भाजायच्या दिवसांत पोराची छाती वाजू लागली, तर काल दही खाल्लं होतं का हे आठवत बसू नका. त्याला धुरापासून लांब न्या.

मग खाण्याची अ‍ॅलर्जी नसतेच का? असते, पण ती सहसा लपून राहत नाही. पहिल्या पावसात शेतातले खेकडे येतात, घरोघरी रस्सा होतो. जेवल्यावर काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, उलटी झाली, धाप लागली, तर संशय खेकड्यावर घ्या. धाप लागली असेल तर घरगुती उपाय करत थांबू नका. 108 ला फोन करा, दवाखाना गाठा. दूध, अंडं, शेंगदाणे, काजू, तीळ, मासे, कोळंबी, गहू यांचंही असं होऊ शकतं. ज्याचा त्रास झाला तेवढंच बंद करायचं, तेही डॉक्टरांना विचारून.

नुसत्या रक्ताच्या अहवालावरूनही ताट रिकामं करू नका. म्हैसूर भागातल्या शाळकरी मुलांची एक पाहणी 2020 साली प्रसिद्ध झाली. साधारण पाचांतल्या एकाच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाची संवेदनशीलता सापडली. प्रत्यक्ष अ‍ॅलर्जी असावी अशी मुलं हजारात एक-दोनच. वाढत्या वयात दूध, अंडं, डाळ बंद केली की दमा तसाच राहतो आणि पोरगं मात्र वाळतं.

आता त्या बिस्किटाच्या पुड्याकडं येऊ. अनेक देशांतल्या लाखो मुलांच्या पाहणीत 2013 साली असं दिसलं की आठवड्यातून तीन किंवा जास्त वेळा फास्ट फूड खाणाऱ्यांत तीव्र दम्याचं प्रमाण जास्त होतं, आणि तितक्याच वेळा फळं खाणाऱ्यांत कमी. फास्ट फूडमुळंच दमा होतो, असं यावरून सिद्ध होत नाही. पण असलं खाऊन वजन वाढलं की दमा आवरायला जड जातो, हे पक्कं. शाळेतून येताना टपरीवरचं पाच रुपयांचं पाकीट रोज हातात देताना एवढं ध्यानात असू द्या. चैत्र-वैशाखात डोंगरावर करवंदं फुकट मिळतात, पुढं जांभळं येतात. ती पोराला खुशाल खाऊ द्या.

बाळांचं आणखी एक. अ‍ॅलर्जीच्या भीतीनं शेंगदाणा लांब ठेवायची पद्धत होती. ब्रिटनमधल्या 2015 च्या अभ्यासात उलटंच दिसलं: अ‍ॅलर्जीचा धोका जास्त असलेल्या ज्या बाळांना पहिल्या वर्षातच शेंगदाणा सुरू केला, त्यांच्यात त्याची अ‍ॅलर्जी सुमारे 80 टक्के कमी झाली. सहा महिन्यांनंतर वरचं खाणं सुरू झालं की मऊ भातात बारीक कूट नीट कालवून द्यावं. अख्खा दाणा मात्र नको, तो श्वासनळीत अडकतो. बाळाला खूप इसब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि दम्याचा पंप. 'सवय लागते' म्हणून तो कपाटात ठेवून मृगाला हैदराबादचं माशाचं औषध घ्यायला जाणारे आपल्याकडंही आहेत. त्या औषधानं दमा बरा होतो याचा पुरावा नाही. पंपाच्या औषधाची सवय लागत नाही. जायचंच असेल तर जा, पण पंप पिशवीत असू द्या आणि रोजचा डोस चुकवू नका.