आजारपणापूर्वी वाचावयाचा करार

पवित्र कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत देण्याघेण्याच्या लेखी नोंदीविषयी आहे. सूरह अल्-बकराच्या या 282 व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश आहे. लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, ज्याच्यावर देणे आहे त्याने मजकूर सांगावा, तो असमर्थ असल्यास त्याच्या पालकाने सांगावा, साक्षीदार असावेत, आणि रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, इतका बारकाईचा तपशील अल्लाहने तेथे दिला आहे. कराराचे शब्द दोन्ही पक्षांना आधीच ठाऊक असावेत, ही या आदेशामागील दृष्टी आहे. आता आपल्या घराकडे पाहा. आरोग्य विम्याची पॉलिसी कपाटात असते, हप्ता दरवर्षी जातो, आणि त्यातील अटी प्रथम वाचल्या जातात त्या रुग्णालयाच्या बिलाच्या खिडकीसमोर. त्या वेळी वाचून काहीही बदलता येत नाही.

विमा जायज आहे की नाही, हा प्रश्न वाचकांच्या मनात असणारच, आणि तो टाळणे योग्य नव्हे. 1985 साली जिद्दा येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने प्रचलित व्यापारी विम्यास नाजायज ठरविले. त्यातील अनिश्चितता म्हणजे गरर हे त्याचे मुख्य कारण. परस्पर सहकार्यावर आधारलेल्या विम्याचा पर्याय तिने सुचविला. त्यालाच आज तकाफुल म्हणतात. भारतात तकाफुलची नोंदणीकृत कंपनी नाही. त्यामुळे येथील उलेमांमध्ये मतभेद आहेत. काहींच्या मते कायद्याने बंधनकारक असलेला किंवा मालकाने कामगारासाठी घेतलेला विमाच तेवढा चालतो, तर काही जण आजच्या वैद्यकीय खर्चाची निकड पाहून अधिक सवलत देतात. आपण ज्या आलिमांवर विश्वास ठेवता त्यांच्याकडून मसला समजून घ्यावा. हा लेख त्यापुढील गोष्टीविषयी आहे. नोकरीमुळे, व्हिसामुळे किंवा स्वतःच्या निर्णयाने आपल्यापैकी असंख्य कुटुंबे या करारात आधीच आहेत. आणि ज्या करारात आपण आहोत तो न वाचणे कोणत्याही मताप्रमाणे शहाणपणाचे ठरत नाही.

खासगी पॉलिसीपूर्वी एक गोष्ट तपासावी. महाराष्ट्रातील महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे आणि कुटुंबाला हप्ता भरावा लागत नाही. 70 वर्षांवरील ज्येष्ठांना उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान भारतचे 5 लाखांचे संरक्षण 2024 च्या ऑक्टोबरपासून मिळते. मात्र ही संरक्षणे ठरावीक उपचारांना आणि योजनेत समाविष्ट असलेल्या रुग्णालयांनाच लागू आहेत. आपल्या तालुक्यात अशी रुग्णालये कोणती, हे ताप नसताना विचारून ठेवावे. रेशनकार्डावरील नाव आणि आधारकार्डावरील नाव जुळते का, तेही पाहावे. मोहम्मद, मोहंमद आणि महंमद या एकाच नावाच्या तीन वर्तनींनी आपल्याकडे पुष्कळ कागद अडतात.

आता खासगी पॉलिसी. यात सर्वाधिक नुकसान लपविण्याने होते. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) बाजारात धान्याच्या एका राशीजवळ थांबले, त्यांनी आत हात घातला आणि बोटांना ओल लागली, ही हदीस आपण अनेकदा ऐकली आहे. ओले धान्य वर का ठेवले नाही, म्हणजे लोकांना दिसले असते, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. हा प्रसंग आपण नेहमी दुकानदाराला सांगतो. पण प्रस्ताव अर्ज भरताना माहिती देणारे आपण असतो. अब्बांना दहा वर्षांपासून मधुमेह आहे, अम्मीला रक्तदाबाची गोळी चालू आहे, आणि एजंट म्हणतो, 'लिहू नका, हप्ता वाढेल.' ते न लिहिणे म्हणजे ओले धान्य राशीच्या तळाशी ठेवणे होय. व्यवहाराच्या हिशेबानेही हा सौदा तोट्याचा आहे. पुढे हृदयविकाराचा दावा आला की कंपनी जुने कागद मागते आणि डॉक्टरांच्या टिपणात 'मधुमेह, दहा वर्षे' ही ओळ सापडते. दावा नाकारला जातो, पॉलिसीही रद्द होऊ शकते. सलग 60 महिने पॉलिसी चालू राहिल्यानंतर माहिती न दिल्याच्या कारणाने कंपनीला दावा नाकारता येत नाही, असा नियम आहे. पण फसवणूक सिद्ध झाल्यास ते संरक्षणही उरत नाही. एजंटने अर्ज भरला असला तरी सही आपली असते.

आजार सांगितला म्हणजे दार बंद झाले, असे नाही. आधीपासूनच्या आजारासाठी प्रतीक्षा कालावधी असतो आणि तो 2024 च्या नियमांनुसार 36 महिन्यांहून अधिक ठेवता येत नाही. मोतीबिंदू, हर्निया, गुडघ्याचे सांधे बदलणे अशा उपचारांसाठीही बहुधा दोन वर्षे थांबावे लागते. नव्या पॉलिसीच्या पहिल्या 30 दिवसांत अपघात सोडून इतर आजारांचा खर्च मिळत नाही. म्हणून वडिलांच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरल्यावर पॉलिसी घेण्यात अर्थ नसतो. आणि वर्षानुवर्षे चाललेली पॉलिसी नूतनीकरणाची मुदत चुकवून बंद पडू दिली, तर हे सारे दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजले जातात.

खोलीच्या भाड्याची अट सर्वांत कमी वाचली जाते, म्हणून ती आकड्यांनी पाहू. समजा, पॉलिसीत खोलीची मर्यादा दिवसाला 5,000 रुपये आहे आणि नातेवाईक भेटायला येणार म्हणून आपण 8,000 ची खोली घेतली. पाच दिवसांचे जादा भाडे 15,000 रुपये आपल्यावर येईल, इतकेच बहुतेकांना वाटते. परंतु अनेक पॉलिसींत डॉक्टर, शल्यविशारद, शस्त्रक्रियागृह यांचे शुल्कही त्याच प्रमाणात, म्हणजे आठास पाच, कापले जाते. हे शुल्क 1,20,000 असेल तर कंपनी 75,000 देईल. उरलेले 45,000 आणि भाड्याचे 15,000, असे 60,000 रुपये आपल्या खिशातून. औषधे आणि तपासण्या यांवर ही प्रमाणशीर कपात करता येत नाही, एवढाच दिलासा. प्रतिष्ठेखातर घेतलेल्या खोलीपायी कर्ज काढणारी घरे आपल्या आसपास आहेत; अटीपेक्षा हा आपल्या सवयीचा दोष अधिक आहे.

काही पॉलिसींत, विशेषतः वृद्धांच्या, बिलाचा ठरावीक हिस्सा रुग्णानेच भरायचा असतो. निदान 24 तास दाखल राहण्याची अट सर्वसाधारण आहे. डायलिसिस, मोतीबिंदू यांसारख्या एका दिवसाच्या उपचारांना तीतून सूट असते. हे सर्व एका संक्षिप्त माहितीपत्रकात देणे कंपनीवर बंधनकारक आहे आणि आपण मागणी केल्यास ते मराठीत मिळते. ते अवश्य मागावे. पॉलिसी हाती आल्यापासून 30 दिवसांत अटी न पटल्यास ती परत करता येते; तेव्हा वाचण्याची खरी वेळ हेच 30 दिवस.

रत्नागिरी, रायगडच्या अनेक घरांतील मुले आखाती देशांत आहेत. सौदी अरबमध्ये खासगी क्षेत्रातील मालकाने कामगाराचा आरोग्य विमा काढणे सक्तीचे आहे. पण 'मुलाचा तिकडे विमा आहे' या वाक्यावर गावातील आईवडील निर्धास्त राहतात, ते चूक आहे. त्या पॉलिसीत गावातील आईवडील नसतात, आणि मुलगा रजेवर गावी आला असता पाय मोडला तरी बहुधा ती उपयोगी पडत नाही.

उमराहला निघणाऱ्यांची गोष्ट याहून नाजूक. सौदी अरबच्या उमराह व्हिसाबरोबर विमा येतो आणि त्याची मर्यादा एक लाख रियाल सांगितली जाते. हा विमा तेथे अचानक उद्भवणाऱ्या प्रसंगासाठी, अपघातासाठी आहे. जुन्या मधुमेहाच्या नेहमीच्या औषधोपचारासाठी नाही. हजच्या दिवसांत मक्का आणि मदीना येथे भारतीय हज मिशनचे दवाखाने असतात. उमराहच्या यात्रेकरूने तो आधार गृहीत धरू नये. भारतातून वेगळा प्रवास विमा घेतल्यास त्यातही जुन्या आजाराचे कलम प्रथम वाचावे. अनेक पॉलिसी जिवावर बेतलेल्या स्थितीतच तो खर्च देतात. मदतीचा दूरध्वनी क्रमांक आणि पॉलिसीची प्रत केवळ टूरवाल्याच्या बॅगेत न राहता यात्रेकरूच्या गळ्यातील पिशवीत असावी. मृत्यूचा विषय काढणे कोणाला आवडत नाही. परंतु पार्थिव स्वदेशी आणण्याचा खर्च देणारी पॉलिसी तेथेच दफन करण्याचा खर्च देते का, हे आपल्यासाठी विचारण्याजोगे आहे, कारण हरमैनच्या भूमीत मृत्यू आल्यास तेथेच दफन व्हावे अशी बहुतेकांची इच्छा असते. युरोपात मुलीकडे जाणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोंचा विमा लागतो.

उंट बांधून मग तवक्कुल करण्याची शिकवण आपण मुलांना देतो. दोर कुठे आहे हे घरात एकालाच ठाऊक असेल, तर तो माणूसच आजारी पडल्यावर बांधणार कोण? पॉलिसी क्रमांक, नूतनीकरणाची तारीख, खोलीची मर्यादा आणि कॅशलेस सोय असलेली जवळची दोन रुग्णालये एका कागदावर लिहून तो पत्नीला, मोठ्या मुलीला दाखवून ठेवावा. तातडीने दाखल झाल्यास बहुतेक कंपन्यांना 24 तासांत कळवावे लागते. ठरलेल्या शस्त्रक्रियेस दोन-तीन दिवस आधी. हे फोन बहुधा घरातील स्त्रीलाच करावे लागतात.

दावा अन्यायाने नाकारला गेला तर नशिबाला बोल लावून बसू नये. नकाराचे कारण लेखी मागावे आणि प्रथम कंपनीकडे तक्रार करावी. महिनाभरात उत्तर न आल्यास किंवा ते न पटल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबई आणि पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत. तेथे शुल्क नाही, वकिलाची गरज नाही, आणि 50 लाखांपर्यंतच्या दाव्यांचा निवाडा होतो. मात्र कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत जावे लागते, म्हणून नकाराचे ते पत्र तारखेसह जपून ठेवावे.