टांकसाळीतली चूक की हातांची झीज? नाणं पारखण्याची कृती

मुठा खोऱ्यातल्या जुन्या घरांत देव्हाऱ्यामागं किंवा फडताळात सुट्ट्या नाण्यांचा एखादा डबा हमखास निघतो. चौकोनी पाच पैसे, कंगोऱ्याचे दहा पैसे, स्टीलचे चारआणे-आठआणे आणि नशीब असेल तर तळाशी काळवंडलेली शिवराई. 25 पैसे आणि त्याखालची नाणी 30 जून 2011 नंतर चलनातून गेली. ती अशा डब्यांतच राहिली. डबा उपडा केला की अक्षर उडालेलं एखादं नाणं हाती लागतं आणि कुणीतरी म्हणतं, "हे चुकीचं छापलंय, लाखाला जाईल." तेव्हा स्वतःला एकच प्रश्न विचारा: हे टांकसाळीत झालं की टांकसाळीबाहेर? पुढची सगळी कृती या प्रश्नासाठीच आहे.

साहित्य

सोनार वापरतात तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग, 0.01 ग्रॅमपर्यंतचा वजनकाटा, टॉर्च, मऊ सुती कापड, वही आणि तुलनेसाठी त्याच प्रकारचं एक धड नाणं.

कृती

1. घासू नका. लक्ष्मीपूजनाला नाणी चिंचेनं उजळायची आपली सवय इथं बाजूला ठेवा. आंबट पदार्थ धातूचा वरचा थर खातो आणि त्याबरोबर पुरावाही जातो. धूळ असेल तर साध्या पाण्यातून काढून नाणं कापडानं टिपून घ्या.

2. साल आणि टांकसाळ पाहा. सालाखाली हिऱ्याची खूण असेल तर नाणं मुंबईचं, चांदणी असेल तर हैदराबादचं, गोल ठिपका असेल तर नोएडाचं. कोलकात्याच्या नाण्यावर खूण नसते, म्हणून खूण दिसली नाही की लगेच चूक समजू नका.

3. वजन करा. ॲल्युमिनियमचे सुरुवातीचे चौकोनी 5 पैसे 1.5 ग्रॅम भरतात, नंतरचे त्याहून हलके. 1988 पासूनचे स्टीलचे 10 पैसे 2 ग्रॅम, 25 पैसे 2.83 आणि 50 पैसे 3.79 ग्रॅम, 1992 पासूनचा 25 मिलिमीटर व्यासाचा स्टीलचा रुपया 4.85 ग्रॅम. किंचित घट वापरानं येते. घट मोठी असेल तर कड कानशीनं घासली आहे का, पृष्ठभाग आम्लानं खाल्ला आहे का, ते आधी तपासा.

4. टॉर्च आडवा धरा. तिरक्या उजेडात रेघ फुगीर आहे की खोल, ते कळतं. ठशाला तडा गेला की चकतीचा धातू त्या फटीत शिरतो, म्हणून ठशाचा तडा नाण्यावर फुगीर रेघ होऊन उमटतो. खोल रेघ बहुधा बाहेरचा ओरखडा असतो.

5. झीज कोणाची, ते ठरवा. इथं घाई करू नका. हातांची झीज उंचवट्यांपासून सुरू होते: सिंहांचे चेहरे, कणसाचे दाणे सपाट होतात आणि चकाकी जाते. ठशाची झीज वेगळी. प्रत्येक दाबाला धातू कडेकडे सरकतो आणि सरकताना ठशाला घासतो. हजारो नाण्यांनंतर ठसा बोथट होतो. मग नाण्याची चकाकी शाबूत असते, पण अक्षरं जाडसर, पसरलेली, कडेत मिसळलेली दिसतात. जात्याच्या टाक्यांसारख्या बारीक रेघा कडेकडे धावतात. एखादंच अक्षर गायब असेल आणि ती जागा नितळ असेल, तर ठशात वंगण किंवा धूळ भरली असावी. तिथं ओरखडे दिसले, तर अक्षर कुणीतरी खरवडलं आहे.

6. मोठ्या चुका तपासा. चकती सरकली असेल तर दोन्ही बाजूंची छाप सरकते. चकतीचाच तुकडा कापला गेला असेल तर बरेचदा त्याच्या समोरची कडही पुसट असते. जाणकार जिला 'लाखी' म्हणतात, तिच्यात एका बाजूला नेहमीची छाप आणि दुसरीकडं तीच छाप उलटी व खोल असते. आधीचं नाणं ठशाला चिकटून राहिलं की असं होतं. शेगड्यात दोन नाणी दाबून नकली लाखी करतात. तिच्यात खोल छापेखाली मूळ नक्षीचे अवशेष दिसतात आणि मागची बाजू चेपलेली असते.

7. शिवराईला वेगळा न्याय लावा. 'श्री राजा शिव' आणि 'छत्र पति' ही अक्षरं हातानं ठोकलेली. ठसा चकतीपेक्षा मोठा असे, म्हणून अर्धी अक्षरं बाहेर जाणं ही तिची नेहमीची रीत. ठसे अनेक हातांनी कोरले, त्यामुळं 'शिव'ची ऱ्हस्व-दीर्घ रूपंही वेगवेगळी मिळतात. एकच अक्षर सरकून दोनदा उमटलं असेल, तर मात्र घाव दुहेरी बसला आहे. आणि नाणी शेतात पुरलेली सापडली, तर 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांवरच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते.

8. नोंद करा. वहीत किंमत, साल, टांकसाळ, वजन लिहा आणि शेवटच्या रकान्यात 'आत' किंवा 'बाहेर'. खात्री नसेल तर रकाना कोरा ठेवा.

बहुतेक नाण्यांपुढं 'बाहेर' लिहावं लागेल. ते लिहिताना हात आखडू नका. बाजारहाटात, एसटीच्या तिकिटात आणि ओवाळणीच्या ताटात झिजलेल्या नाण्याला चूक म्हणून विकणं ही फसवणूक आहे. ते डब्यात परत ठेवा. आपल्याच माणसांच्या बोटांनी ते गुळगुळीत केलं आहे.