बाग भाड्याने देताना

माझी उभी नोकरी महापालिकेच्या मालमत्ता विभागात झाली. गाळे, मंडया, समाजमंदिरं हे तिथलं रोजचं काम. पण डोकं सगळ्यात जास्त कशाने उठवलं असेल तर बागांनी. गाळा बांधलेलाच असतो भाड्याने द्यायला. बाग सगळ्यांना उघडी ठेवायची असते, आणि तरी तिच्यात कॅन्टीन लागतं, मुलांची आगगाडी लागते, एखाद्या मंडळाला व्यायामशाळेसाठी जागा हवी असते, कोपऱ्यातला जुना बंगला पडायला आलेला असतो. मग फाइल आमच्या टेबलावर येते. निवृत्तीनंतर आसपासच्या नगरपालिकांतली तरुण मंडळी करारांचे मसुदे दाखवायला घेऊन येतात. त्यांना जे सांगतो तेच इथे लिहितो. करार मी शेवटच्या दिवसापासून उलटा वाचतो. मुदत संपल्यावर जागा हातात कशी येणार, हे ज्या कागदात सापडत नाही तो कागद माझ्या लेखी कोरा.

१. जागा आपली आहे का ते आधी बघावं

पाटी पालिकेची, माळी पालिकेचा, म्हणून जमीन पालिकेची असं होत नाही. प्रॉपर्टी कार्ड काढावं, विकास आराखड्यातलं आरक्षण बघावं, आणि जमीन कुणी दान दिली असेल तर बक्षीसपत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचावं. ‘फक्त बागेसाठी’ ही अट बहुधा तिथेच, शेवटच्या परिच्छेदात बसलेली असते. ले-आउटमधली दहा टक्के खुली जागा हा आणखी वेगळा गुंता. ती तिथल्या प्लॉटधारकांसाठी सोडलेली असते. पालिका गवत कापते म्हणून ती भाड्याने द्यायचा हक्क आपोआप मिळत नाही.

बंगळुरूला ले-आउटमध्ये बागेसाठी राखलेली अशीच एक जागा खासगी नर्सिंग होमसाठी एका ट्रस्टला दिली गेली. रहिवासी कोर्टात गेले. ‘यांचा काय संबंध’ हा आक्षेप सर्वोच्च न्यायालयात चालला नाही, आणि १९९१च्या निकालात ते वाटपही गेलं. आपल्याकडे जागा मागायला येणारे दवाखाना, वाचनालय, ज्येष्ठ नागरिक संघ अशी सोज्वळ नावं घेऊन येतात. नाही म्हणणारा माणूस लगेच दुष्ट ठरतो. तेव्हा हा निकाल फाइलला लावून ठेवायचा. आपण बोलण्यापेक्षा तो बोललेला बरा.

२. किल्ली कोणाकडे राहणार ते ठरवावं

करारावर ‘भाडेपट्टा’ न लिहिता ‘लिव्ह अँड लायसन्स’ लिहिलं की आपण सुटलो, अशी कार्यालयांत ठाम समजूत आहे. कोर्ट शीर्षकावर जात नाही. दिल्लीच्या इम्पीरियल हॉटेलने आपल्या क्लोकरूमच्या जागा एका केशकर्तनाच्या व्यावसायिकाला दिल्या होत्या. कागदाला नाव परवान्याचं होतं. १९५९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो भाडेपट्टाच ठरवला, कारण त्या खोल्यांचा ताबा सर्वस्वी त्या माणसाकडे होता. वकील मंडळी आजही हाच निकाल पुढे टाकतात.

म्हणून बागेतल्या कॅन्टीनचं मुख्य कुलूप पालिकेचं. बाग उघडेल तेव्हा कॅन्टीन उघडेल, बंद होईल तेव्हा बंद. पालिकेचा माणूस कधीही आत जाऊ शकेल, ही अट नुसती लिहून न ठेवता महिन्यातून एकदा खरोखर आत जायचं आणि भेटवहीत नोंद करायची. विजेचा मीटर पालिकेच्या नावावर, चालकाला सब-मीटर. चालकाच्या नावाचं लाइट बिल आणि त्या पत्त्यावरचा दुकानाचा परवाना हे दोन कागद पुढे दाव्यात असे काही उभे राहतात की आपला करार त्यांच्यापुढे केविलवाणा दिसतो.

३. टेप घेऊन जावं

या मुद्द्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण जागा जाते ती इथूनच.

कॅन्टीनची जागा बारा फूट बाय दहा. पहिल्या वर्षी समोर चार प्लास्टिकच्या खुर्च्या येतात. पावसाळ्यात ताडपत्री बांधली जाते. चालक भला माणूस असतो, चहा दिल्याशिवाय सोडत नाही. ‘साहेब, गिऱ्हाइकं भिजतात हो, दिवाळीला काढतो.’ दिवाळीला ताडपत्री निघते, तिच्या जागी लोखंडी पाइपांवर पत्रे येतात. पुढच्या वर्षी पत्र्याखाली कोटा फरशी, कारण चिखल होतो. मग फरशीच्या कडेने कमरेएवढी भिंत, कारण कुत्री येतात. प्रत्येक कारण खरं असतं, हीच गंमत आहे. शेवटी आमचा जागा निरीक्षक मोजायला जातो तेव्हा पायऱ्यांसकट अठरा फूट बाय तीस भरतं आणि मुलांची घसरगुंडी भिंतीपलीकडे गेलेली असते.

ही नुसती चोरटी वाढ असती तर पाडून टाकता आली असती. पण १८८२च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमात कलम ६० आहे. परवाना घेणाऱ्याने परवान्याला अनुसरून कायम स्वरूपाचं काम केलं आणि त्यात खर्च केला, तर परवाना मनात येईल तेव्हा रद्द करता येत नाही. पत्रे टाकताना आपण गप्प होतो, फरशीच्या वेळी उद्घाटनाला गेलो होतो आणि तो फोटो त्याने गल्ल्यावर लावला आहे, अशा वेळी ‘परवानगी नव्हती’ हे कोणत्या तोंडाने म्हणणार?

उपाय साधा आहे. कराराला मोजणीचा नकाशा जोडायचा आणि त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्यायच्या. जागेचे चार कोपरे जमिनीत दगड पुरून दाखवायचे. ताडपत्रीलाही लेखी परवानगी लागेल आणि केलेल्या कोणत्याही कामाची भरपाई मिळणार नाही, अशी स्पष्ट अट घालायची. दरवर्षी त्याच कोपऱ्यांवर उभं राहून फोटो काढायचे. कमान आणि रंगरंगोटी यांचे फोटो काढायला आमच्याकडे कॅमेरा असायचा. दगडांचे फोटो काढा म्हटलं की रोल संपलेला असायचा.

४. भाड्याच्या आकड्याने हुरळू नये

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम ७९ सांगतं की पालिकेची स्थावर मालमत्ता चालू बाजारभावापेक्षा कमी मोबदल्यात देता येत नाही. नियम चांगला आहे. एक रुपया नाममात्र भाड्याची खैरात त्याने अडते. पण सर्वांत मोठी बोली लावणारा ते पैसे आणणार कुठून? बागेत येणाऱ्यांच्या खिशातूनच. टर्फवाल्याने बोली चढवली की संध्याकाळचा तास गल्लीतल्या पोरांना परवडत नाही, आणि ज्या मैदानात ती फुकट खेळत होती त्याच्या जाळीला नाक लावून उभी राहतात.

म्हणून बोलीच्या आधी निविदेतच चार गोष्टी बांधून टाकाव्यात: लोकांकडून घ्यायचा कमाल दर, फुकट खेळायचे तास, पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह सगळ्यांना खुलं. मग त्या चौकटीत बाजारभाव किती येतो ते बघावं. आकडा खाली येतो. लेखापरीक्षक विचारतात, तेव्हा टिपणी तयार हवी.

५. ‘सांस्कृतिक कार्यक्रम’ म्हणजे काय ते लिहावं

नाहीतर लग्न होतं. आधी हळदीकुंकू, मग साखरपुडा, मग मंडपवाल्याच्या खुंट्या हिरवळीत आणि जनरेटर चाफ्याखाली. कशाला परवानगी नाही याची यादी नावानिशी द्यावी आणि त्यात केटरिंगची भट्टी विसरू नये. बस.

६. इमारतीचा हिशेब वेगळा

मोकळी जमीन तशीच ठेवली तर सहसा बिघडत नाही. इमारत बंद ठेवली की मरते. कौलं सरकतात, वाळवी लागते, मग दारू पिणारे येतात. त्यामुळे बागेतली जुनी वास्तू कुणाला तरी वापरायला देणं मला गैर वाटत नाही. वापरणारा तिला जगवतो. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात राज्य उद्यानांमधली ओस पडलेली ऐतिहासिक घरं १९९४पासून दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावर दिली जातात. भाड्याऐवजी घेणाऱ्याने स्वतःच्या खर्चाने घर दुरुस्त करायचं, सांभाळायचं आणि ठरावीक दिवशी लोकांना बघायला उघडायचं. घर मात्र सरकारचंच राहतं.

आपल्याकडे २०१९मध्ये किल्ले हॉटेलांसाठी देण्याची बातमी आली तेव्हा केवढा गदारोळ झाला! शिवकालीन किल्ल्यांना हात लावणार नाही, असा खुलासा सरकारला करावा लागला. राग स्वाभाविक होता. पण अशा वेळी कोणती वास्तू, कोणती कामं, किती दिवसांत, लोकांना कधी खुली, हे एका पानावर छापून आधी लोकांपुढे ठेवलं असेल तर निदान भांडण मुद्द्यावर होतं. दुरुस्तीच्या बदल्यात द्यायचं असेल तर कामांची यादी वास्तुविशारदाकडून करून घ्यावी आणि वेळापत्रक चुकलं की करार संपेल असं लिहावं. ‘आवश्यक ती दुरुस्ती करील’ या चार शब्दांवर मी एक बंगला डोळ्यांदेखत खाली बसताना पाहिला आहे. दहा वर्षांत भाडेकरूने दुरुस्त केलं ते फक्त फाटक.

७. गुपचूप देऊ नये

लखनौच्या अमीनाबादेतल्या झंडेवाला पार्कखाली तिथल्या महापालिकेने एका बिल्डरला भुयारी बाजार बांधायला दिला, तोही निविदा न मागवता. वरती बाग राहीलच की, असं म्हणणं होतं. काम बरंच पुढे गेलेलं असतानाही १९९९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पाडून बाग पूर्ववत करायला सांगितलं. त्याआधी १९९६मध्ये बियास नदीकाठच्या मोटेलला दिलेला वनजमिनीचा भाडेपट्टा रद्द करताना याच न्यायालयाने तत्त्व सांगितलं होतं: अशा जमिनींचं सरकार विश्वस्त असतं.

मुंबईत २०१६च्या सुरुवातीला मोकळ्या जागा संस्थांना सांभाळायला देण्याचं धोरण सभागृहात मंजूर झालं. नागरिक इतके उठले की मुख्यमंत्र्यांनी त्याला स्थगिती दिली, आणि आधी दिलेल्या दोनशेच्या वर जागा परत घ्यायला पालिका निघाली. काही संस्थांनी त्या उत्तम राखल्या होत्या, हेही सांगायला हवं. पण कोणत्या बागेवर कोणाचा किती हक्क आहे, हे फाटकाबाहेरच्या माणसाला कळायला मार्ग नव्हता.

फाटकावर पाटी लावावी: चालकाचं नाव, क्षेत्रफळ, मुदत कधी संपते, लोकांसाठी वेळ, जास्तीत जास्त दर, तक्रार कुठे करायची. याला खर्च काही नाही. विरोध मात्र जेवढा या पाटीला होतो, तेवढा भाडेवाढीलाही होत नाही. मॅसॅच्युसेट्सच्या राज्यघटनेत १९७२पासून तरतूद आहे की बागांसारख्या राखीव सार्वजनिक जमिनीचा वापर बदलायला किंवा ती द्यायला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश मतं लागतात, आणि ती नावानिशी नोंदली जातात. आमच्याकडे असे विषय रात्री उशिरा, ‘आयत्या वेळचे विषय’ म्हणून, एकमताने मंजूर होत.

८. मुदत लहान, आणि ‘मुदतवाढ’ हा शब्द नको

नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ९२मध्ये यावर चांगला लगाम आहे. परिषदेला स्वतःच्या अधिकारात तीन वर्षांपर्यंतच मालमत्ता भाड्याने देता येते आणि भाडेकरूला कायमचं बांधकाम करता येत नाही. पुढच्या नूतनीकरणाला वरची परवानगी लागते. ज्याने भांडवल घालायचं आहे तो म्हणतो, तीन वर्षांत माझे पैसे कसे निघणार? प्रश्न रास्त आहे. पण चहाचं कॅन्टीन चालवायला कुणाला पंधरा वर्षं लागत नाहीत, आणि ज्याला लागतात त्याचा विचार चहाचा नसतो.

लांब मुदतीचं काय होतं ते बघायला मुंबईत महालक्ष्मीला जावं. रेसकोर्सची सुमारे २११ एकर जमीन १९१४पासून ९९ वर्षांच्या करारावर होती. करार ३१ मे २०१३ला संपला. जमिनीचं पुढे काय, याचा निर्णय व्हायला २०२४ उजाडलं: १२० एकर महापालिकेकडे उद्यानासाठी, ९१ एकर २०५३पर्यंत पुन्हा शर्यती भरवणाऱ्या क्लबकडे. मधली अकरा वर्षं शर्यती चालूच होत्या. करार संपला म्हणजे ताबा संपला असं नसतं, हे याहून ढळढळीत कुठे दिसणार? म्हणून मुदत संपायच्या सहा महिने आधी नवी निविदा काढायची. जुन्या चालकाने हवं तर त्यात उतरावं. तारीख उलटून गेल्यावर एकाही महिन्याचं भाडं ‘नेहमीप्रमाणे’ जमा करून घ्यायचं नाही. घ्यावंच लागलं तर वापराची नुकसानभरपाई म्हणून, आणि पावतीवर तसं लिहून. वसुली विभागाला याची दर महिन्याला आठवण करून द्यावी लागते, कारण त्यांना उद्दिष्ट असतं.

९. ताब्याचा दिवस

महानगरपालिकांना त्यांच्या अधिनियमाच्या कलम ८१ब खाली स्वतःच्या जागेतून बाहेर काढण्याचा आदेश देता येतो. त्यावर अपील जिल्हा न्यायाधीशांकडे. नोटीस द्यायची, म्हणणं ऐकून घ्यायचं, कारणांसह आदेश काढायचा. यातली एक पायरी गाळली तरी सगळं पुन्हा पहिल्यापासून. नोटीस बजावण्याआधी कोर्टात कॅव्हेट दाखल करावं. त्याची मुदत नव्वद दिवस. संपली की पुन्हा भरावं लागतं, आणि हे नेमकं विसरलं जातं.

प्रत्यक्ष ताबा सकाळी घ्यावा. पंच आदल्या दिवशी सांगून ठेवावेत, पंचनाम्यात डीप फ्रीजपासून बरण्यांपर्यंत प्रत्येक वस्तू लिहावी, चालकाचं सामान त्याच्या सहीने त्याच्या हवाली करावं. कुलूप आपलं, नवं. पत्रे आणि भिंत त्याच दिवशी उतरवावी. ‘उद्या करू’ म्हटलं की रात्रीत माणसं येऊन बसतात. आणि उद्यान अधीक्षकांना सांगून दुसऱ्या दिवसापासून तिथे माळ्याची हजेरी लावून घ्यावी, जागा रिकामी ठेवू नये. रिकाम्या जागेसाठी मागणीचा पहिला अर्ज बहुधा त्याच आठवड्यात येतो, शिफारसपत्रासह.